नानांच्या मोटारीला आरसा

मी एका पाऊणशे वर्षांच्या उघड्या मोटारीच्या दाराला भोक पाडलं. मोटार माझी नव्हती. भोक वाकडं गेलं, आणि ज्या आरशासाठी ते पाडलं तो आरसाही चुकीचा निघाला. त्या वेळी मी देवळाली प्रवरा इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो, आणि त्याच महिन्यात नववीच्या मुलांना आरशांचा धडा शिकवून झाला होता. एवढं एकदा सांगून टाकलं की लपवण्यासारखं काही उरत नाही, आणि मी पुढचं सांगायला मोकळा होतो.

मोटार नानांची होती. नाना म्हणजे माझे घरमालक. साखर कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाले होते, पण कारखाना त्यांना निवृत्त होऊ देत नव्हता. हंगामात एखादं यंत्र कुरकुरायला लागलं की जीप नानांच्या दारात. नाना जायचे, लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर यंत्राला टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. "बेअरिंग रडतंय," म्हणायचे. कुठलं, ते बोटानं दाखवायचे, आणि चहाही न घेता परत यायचे.

ही मोटार त्यांनी तरुणपणी नगरच्या कँपातल्या एका लिलावात घेतली होती. कुणा साहेबानं टाकून दिलेली. वरचं कापडी टप उंदरांनी खाल्लेलं, इंजिनात पाखरांनी घरटं केलेलं, आरसे कुणीतरी आधीच पळवलेले. नानांनी दोन वर्षं खपून ती उभी केली. बॉनेटवरचं कंपनीचं नाव मात्र घासून काढून टाकलं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्यांची हुती तवा हुती. त्यांनी टाकून दिली की."

नाना बुटके. सीटवर दुमडून ठेवलेल्या गोधडीवर बसायचे, तरी समोरून बघणाऱ्याला आधी टोपी दिसायची, मग स्टिअरिंग, आणि त्या दोन्हींच्या मधून दोन डोळे. मोटार चालवताना ते मागं वळून कधी बघायचे नाहीत. मान वळवली की हात वळतो, हात वळला की मोटार वळते, असं त्यांचं गणित होतं. मागचं बघायला आक्का होत्या.

आक्का म्हणजे नानांची बायको. लग्न झालं त्याच वर्षी मोटार चालू झाली. पहिल्यांदा दोघं राहुरीच्या बाजाराला निघाले तेव्हा आक्का मागच्या सीटवर बसून, मान वळवून वळवून, मागून काय येतंय ते नानांना सांगत होत्या. संध्याकाळी मान धरली. नानांनी कारखान्यातून दोन दिवसांची सुट्टी काढली, मागची सीट उचकटली, उलटी फिरवली आणि नव्यानं नटबोल्ट मारून बसवली. पुढच्या बाजाराला आक्का मागं तोंड करून, नानांच्या पाठीला पाठ लावून निघाल्या. त्या दिवसापासून आक्का त्या मोटारीत तशाच बसत आल्या. चाळीस वर्षं.

इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू जाईना, म्हणून नानांनी त्यावरही उपाय काढला. बैलांचा कासरा. एक दोर नानांच्या डाव्या दंडाला, एक उजव्या दंडाला, आणि दोन्हींची टोकं मागं आक्कांच्या हातात. नानांनी डावीकडं घ्यावं असं वाटलं की आक्का त्यांच्या डाव्या दंडाचा दोर ओढायच्या. उजवीकडं, तर उजव्याचा. दोन्ही ओढले की थांबा. गावानं यावर काय काय विनोद केले असतील ते मी लिहीत नाही. नानांना त्यांचं काही वाटायचं नाही. "बैलाला कमीपना वाटतो व्हय? त्याला घर सापडतं," एवढंच म्हणायचे.

मोटार हळू चालली असली की कासऱ्याची गरज नसायची. मग नाना फक्त ओरडायचे, "मागं काय?"

आणि आक्का सांगायच्या, "टेम्पो. भाजीचा. डायवर मोबाईलवर बोलतोय. जाऊ द्या त्येला पुढं."

"मागं काय?"

"फटफटी. नवरा-बायको. भांडून निघालेत."

"कशावरनं?"

"मधी पिशवी ठेवलीय."

मी भाडेकरू म्हणून नवीन असताना नानांनी मला पहिल्यांदा मोटारीत बसवलं ते पुढं, त्यांच्या शेजारी. मला फार मान दिल्यासारखं वाटलं. पुढची सीट आयुष्यभर पाहुण्यांसाठी ठेवलेली होती आणि घरची बाई तिच्यावर एकदाही बसली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या बऱ्याच गोष्टी लक्षात येत नाहीत. त्यातली ही एक.

राहुरीच्या फाट्यावर एकदा एका तरण्या पोलिसानं मोटार थांबवली. "आजोबा, आरसे कुठंयत?"

नानांनी अंगठा खांद्यावरून मागं केला. "त्या काय बसल्यात."

पोलीस मागं गेला. आक्कांनी त्याच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, तुमच्या मागनं कुत्रं आलंय. पायाशी हाय बघा."

पोलीस उडी मारून बाजूला झाला. कुत्रं खरंच होतं. नाना पुढूनच म्हणाले, "आरशानं सांगितलं आसतं व्हय?" पोलीस हसला आणि त्यानं मोटार सोडली. आम्ही निघाल्यावर आक्कांनी त्याला हातही केला. पाठमोरं बसलेल्या माणसाला निरोप फार व्यवस्थित घेता येतो.

आरशांवर नानांचा राग जुना होता. घरात एकच आरसा, आक्कांचा, कुंकवापुरता. नाना दाढी ओट्यावर बसून, बोटांनी चाचपत करायचे. मिशी कातरून झाली की आत हाक मारायचे, "समान हाय का गं?" आक्का उंबऱ्यातून बघायच्या आणि निकाल द्यायच्या. एकदा दोघांचं काहीतरी बिनसलं होतं. नानांनी विचारलं, आक्का न बघताच म्हणाल्या, "हाय." नाना तसेच कारखान्यावर झेंडावंदनाला गेले आणि दीड मिशी घेऊन पहिल्या रांगेत उभे राहिले. परत आले ते हसतच. "लोक बघत हुते म्हनून कळलं," म्हणाले. "आपलं तोंड दुसऱ्यासाठी आसतं मास्तर. त्येनंच बघावं."

आता भोकाकडं येतो.

उसाचा हंगाम होता. दुपारी मी शाळेतून आलो तर आक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, मोटारीला आरसं बसवायचं काम लई आवघड आसतं का?"

"छे! दोन स्क्रूंचं काम," मी म्हणालो. स्क्रू कुठला आणि कुठं, हे मला माहीत नव्हतं. पण शास्त्राच्या मास्तरला कुणी असं विचारलं की त्याच्याकडून उत्तर आपोआप जातं.

"मग बसवा की."

"आणि नाना?"

"त्यांचं मी बघते. तुमी आरसं बघा."

मी म्हटलं, पण कशाला? तुम्ही असताना आरसा कशाला? आक्कांचे हात थांबले नाहीत. शेंग फोडली, दाणे सुपात, टरफल खाली. म्हणाल्या, "मला पुढं बसायचंय."

मग हळूहळू सगळं निघालं. "मास्तर, मी सगळा जिल्हा जाताना बघितला. येताना एकबी गाव बघितलं न्हाई. गावात शिरताना माझ्यासमोर पाटी येती, 'धन्यवाद, पुन्हा या.' आन् गाव सोडलं की 'सुस्वागतम.' तुमाला खोटं वाटंल, पर आसंच हाय. पाटी पुढून वाचायची आसती, मी मागून वाचते. हिवरे बाजारला गेल्तो, त्या लोकांनी पानी कसं आडवलं ते बघायला. ह्ये पुढनं वरडले, 'आक्का, डोंगर बघ कसा हिरवा झालाय!' मी म्हनलं, कुठाय? मला दिसला तवा तो लांब चालला हुता."

"मग नानांना सांगा की सरळ."

"काय सांगू? ती सीट त्यांनी माझ्या मानंपायी फिरवली. सुट्टी काढून. आजून लोकांना सांगत्यात, बायकुची मान दुखायची म्हनून फिरवली. आता ह्या वयात म्हनू, की नगं हुती?"

मला खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, आरसे बसले की आक्कांना काही सांगावंच लागणार नाही. मागचं बघायची गरज संपेल, आक्का आपोआप पुढं येतील, नाना दुखावणार नाहीत, आणि माझं नाव होईल. यातलं शेवटचं मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

रविवारी नगरला जाऊन जुन्या बाजारातून दोन आरसे आणले. गोल, निकेलच्या कडेचे, पितळी दांड्याचे. विकणारा म्हणाला, "जुन्या गाडीचेच हायेत साहेब." मी एक हातात धरून बघितलं. माझा चेहरा त्यात मोठा, भरलेला आणि कधी नव्हे तो कर्तबगार दिसला. मला आरसा आवडला. लगेच घेतला.

जाणत्या वाचकाला इथंच कळलं असेल. मला कळलं नाही.

दोन दिवसांनी कारखान्याची जीप येऊन नानांना घेऊन गेली. मी त्यांच्याच हत्यारांतून हातानं फिरवायचं ड्रिल काढलं आणि शेडमध्ये गेलो. आक्का फाटकाशी राखणीला. मी चालवणाऱ्याच्या बाजूच्या दारावर बोट ठेवून विचारलं, "इथं पाडू?"

"तुमी शास्त्राचे मास्तर. मला काय इचारता?"

मग पाडलं. पत्रा आजच्या गाड्यांसारखा नव्हता, जाड होता. अर्ध्यावर माझा हात दुखला, मी हात बदलला, आणि तेवढ्यात ड्रिलनं स्वतःची वाट धरली. आरसा बसला एकदाचा. शेडमध्ये अंधार, मोटारीच्या मागं वीतभर अंतरावर भिंत. त्यामुळं आरशात बघायला काही नव्हतंच. दुसऱ्या दाराला हात लावायचं धाडस मात्र झालं नाही.

नाना संध्याकाळी आले. जीपमधून उतरले, शेडकडं बघितलं आणि सरळ मोटारीकडं चालत गेले. आरशाकडं बघितलंच नाही. दांड्याचा स्क्रू सोडवला, आरसा माझ्या हातात दिला, आणि करंगळी भोकात घालून उभे राहिले. बराच वेळ. यंत्राला कान लावल्यावर मिटायचे तसे डोळे मिटलेले.

"कितीचा बिट घेतला?"

"पाव इंची."

"हं. सरळ न्हाई गेला."

"हात बदलला, त्यामुळं..."

"कुनी सांगितलं हुतं?"

मी आक्कांकडं बघितलं. आक्का तांदूळ निवडत होत्या आणि त्या तांदळात त्या दिवशी खडे फारच असावेत. मी म्हणालो, "मला वाटलं, बरं पडेल."

"मास्तर," नाना म्हणाले, "वाटायचं ते वर्गात. हितं मोजायचं आसतं."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन म्हणाले, "चला. भोक पाडलंच हाय तर बघू तुमचा आरसा काय सांगतो त्ये. आक्काला आज सुट्टी."

सुट्टी म्हणजे घरी बसणं, असा नानांचा समज. आक्का आतून आल्या त्या चांगलं लुगडं नेसून, आणि कुणी काही बोलायच्या आत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"आगं, तू कुठं?"

"सुट्टीवर."

नाना माझ्याकडं वळले. मला म्हणाले, "तुमी मागं बसा. आरसा फसला तर कासरा तुमच्या हातात."

मी पाठमोरा बसलो, दोन्ही दोर हातात घेतले. मोटार निघाली आणि देवळाली माझ्यासमोरून लांब जायला लागली. पाठीमागून, म्हणजे पुढून, आक्कांचा आवाज येत होता. "आवं, ती बघा म्हस येतीय."

"दिसतीय मला."

"तरी सांगते. ती बघा शाळा आली. मास्तर, तुमची शाळा आली!" माझ्यासमोरून शाळा गेली.

राहुरीच्या रस्त्याला लागल्यावर मागून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, दोन्ही आभाळाएवढ्या भरलेल्या, आणि पुढं कर्ण्यावर गाणं लावलेलं. अजून बराच लांब होता. मी सांगावं की नाही असा विचार करत होतो, तेवढ्यात नाना ओरडले.

"आगाबाबा! उलटला!"

"कोण?"

"ट्रॅक्टर! उलटलाय मागं! चाकं वर झाल्यात त्येची! मास्तर, मागं काय?"

मी बघितलं. ट्रॅक्टर सरळ होता. मजेत येत होता. "सरळ आहे नाना!"

"आरशात उलटा हाय!"

आणि त्या क्षणी मला कळलं. अंतर्वक्र आरसा. जवळची वस्तू मोठी आणि सुलटी, लांबची वस्तू लहान आणि उलटी. दाढीचा आरसा. वाहनांना लावायचा तो बहिर्वक्र. हे मी फळ्यावर आकृती काढून, खडूनं बाण दाखवून, पुढच्या बाकावरच्या मुलांकडून तीन-तीनदा वदवून घेतलं होतं. जुन्या बाजारात मात्र मी फक्त माझं तोंड बघितलं होतं.

"नाना, त्याचं असं आहे, की तो आरसा आतून खोलगट..." मी समजावायला सुरुवात केली. तोवर ट्रॅक्टर अगदी जवळ आला आणि त्यानं हॉर्न दिला. नानांना डावीकडं घ्यायला सांगायला हवं होतं. मी डाव्या हातातला कासरा जोरात ओढला.

मी पाठमोरा बसलो होतो. माझा डावा हात म्हणजे नानांचा उजवा दंड.

नानांचा डोळ्यांपेक्षा कासऱ्यावर विश्वास जास्त. चाळीस वर्षांत तो एकदाही खोटा निघाला नव्हता. त्यांनी क्षणभरही विचार न करता मोटार उजवीकडं घेतली. मोटारीनं रस्ता ओलांडला, ती बांधावरून अलगद खाली उतरली आणि कांद्याच्या वावरात चार सऱ्या मोडून थांबली. ट्रॅक्टर गाणं वाजवत आपल्या वाटेनं गेला. माझ्यासमोर आम्ही आत शिरलो ती वाट होती आणि वर मोकळा रस्ता होता.

मला वळून बघायचं धाडस होईना. मग आक्कांचं हसू ऐकू आलं. इतकं मोठ्यानं हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"आगं, लागलं का कुठं?" नाना.

"आवं, सगळं दिसत हुतं! आधी बांध आला, मग पाट आला, मग कांदा आला! कसा येत हुता अंगावर!" हसता हसता त्यांना ठसका लागला. "येताना दिसलं. समदं येताना."

नानांनी इंजिन बंद केलं. कांद्याच्या पातीचा वास सगळीकडं. मग त्यांनी विचारलं, "तुला पुढं बसायचं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"सीट फिरवली तवापासनं."

"मग बोलायचं न्हाई?"

"तुमी इचारलं का? चाळीस वर्सं आपलं 'मागं काय, मागं काय.' तेवढंच इचारलं, तेवढंच सांगितलं."

"तुझी मान दुखायची म्हनून..."

"मान ऱ्हायली दुखायची. त्ये बरं केलंत. म्हनून तर बोलता येईना."

मी हळूच मान वळवली. नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि ते समोर बघत होते, आक्कांना जे दिसलं ते आता आपल्यालाही नीट बघायचंय असे. कांदा, कांद्याच्या पलीकडं ऊस. मग मला म्हणाले, "मास्तर, ह्याच्यासाठी पाडलं व्हय भोक?"

"हो."

"मग आधी सांगायचं. मी सरळ पाडलं आसतं." थोडं थांबून म्हणाले, "आन् आता कासरा सोडा. आपन थांबलोय."

वावराचा मालक तोवर बांधावर येऊन उभा राहिला होता. नानांचा लांबचा पुतण्या. त्यानं मोटारीकडं बघितलं, पुढं बसलेल्या आक्कांकडं बघितलं, आणि मोडलेल्या सऱ्यांचं सोडून त्यानं पहिल्यांदा विचारलं ते, "चुलते, आज चुलती पुढं कशी काय?"

"तिची जागा हाय ती," नाना म्हणाले. "माझ्या ध्यानात उशिरा आलं."

त्यानंतर आरसे बसवले ते नानांनी. मोडीत निघालेल्या ट्रकचे दोन आरसे आणले, घेताना माझ्या नाकासमोर धरून "ह्ये फुगीर हायेत न्हवं?" असं मुद्दाम विचारून. त्या मोटारीच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांवर एकेक स्टेपनी उभी बसवलेली होती. नानांनी बैलांच्या साजातले दोन कातडी पट्टे घेतले, ते स्टेपन्यांभोवती आवळले आणि त्यांच्यावर आरसे चढवले. कुठं भोक नाही, स्क्रू नाही. मी बघत उभा होतो. माझ्याकडं न बघता म्हणाले, "गाडीवाल्यानं दोन स्टेपन्या मिरवायला दिल्या हुत्या. मास्तरला दार दिसलं."

आरसे लावायला चार वेळा वरातीतली घोडी नाचवावी तशी मोटार पुढं-मागं केली. नाना गोधडीवर बसले, मी आरसा धरून, आणि आक्कांना मागं रस्त्यावर उभं केलं. "चाल. आजून चाल. दिसतीस. दिसतीस. मास्तर, वाईच बाहेर घ्या. दिसतीस... गेलीस. थांब तिथंच." जिथं आक्का दोन्ही आरशांतून नाहीशा झाल्या तिथं नाना उतरून गेले आणि खडूनं गोल काढला. तो गोल लहान करण्यासाठी त्यांनी तीन दिवस घालवले. पट्टे सैल केले, आवळले, दांडे वाकवले. गोल लहान झाला, पण गेला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गोलात उभे राहून म्हणाले, "हितलं फकस्त आक्काला दिसायचं."

पहिली फेरी हिवरे बाजारला. आक्का पुढं. मी मागं, कारण उलटी सीट नानांनी काढली नव्हती, आणि घरात तिच्यावर बसायला आता दुसरं कुणी नव्हतं. आक्कांनी नगरपर्यंतची एकही पाटी सोडली नाही. पंक्चरची, खताची, निवडणुकीची, सगळ्या मोठ्यानं वाचल्या. "सुस्वागतम!" असं आक्का ओरडायच्या, आणि दोन सेकंदांनी माझ्यासमोर "धन्यवाद, पुन्हा या" यायचं. अगदी त्यांनी सांगितलं होतं तसंच. डोंगर आला तेव्हा नानांनी मोटार हळू केली. आक्कांनी तो जवळ येताना बघितला. मग जुनी सवय, नाना म्हणाले, "मागं काय?"

मी तोंड उघडलं, पण आक्कांनी तोवर डाव्या आरशात बघून सांगितलं होतं. "काय न्हाई. रस्ता मोकळा हाय."

दाराचं भोक नानांनी कधी बुजवलं नाही. मी किती वेळा म्हटलं, लांबी भरून रंग मारून देतो. "ऱ्हाऊ द्या," म्हणायचे. मोटारीत चढताना करंगळी त्यात एकदा घालायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी आणलेला तो दुसरा आरसा आक्कांनी घेतला. कुंकू लावायला बरा पडतो म्हणाल्या, कपाळ केवढं मोठं दिसतं.

नानांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. मी निवृत्त होऊन नगरला राहतो. मागच्या महिन्यात आक्कांना भेटायला देवळालीला गेलो होतो. मोटार शेडमध्ये, वर ताडपत्री. आक्कांनी ती माझ्याकडून काढवून घेतली. पट्टे वाळलेले, पण आरसे जागच्या जागी. नकळत माझी करंगळी त्या भोकात गेली. अजून वाकडंच आहे.

आक्का शेडच्या दारात उभ्या होत्या. नाना गेल्यापासून मोटार हलली नाही, म्हणाल्या. पुतण्या चालवायला मागतो, पण त्याला ही मोटार समजत नाही, नुसती पळवायची असते. मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी काहीतरी बोलतोच.

"आक्का," मी म्हणालो, "मी चालवतो. माझ्याकडं लायसन आहे. तुम्ही तुमच्या जागेवर पुढं बसा, आपण हिवरे बाजारपर्यंत जाऊन येऊ."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग मोटारीकडं, मग त्या मागच्या उलट्या सीटकडं.

"तुमी चालवनार आसाल मास्तर, तर मी मागंच बसते," म्हणाल्या. "कशावर धडकनार हाय, त्ये तरी बघाया नगं."